‘बसली’ कोण म्हणालं?

१

त्या रविवारी काहीच घडलं नाही. पुढे तिला त्या दिवसाचं तेच अप्रूप वाटत राहिलं.

ती बाबांना भेटायला आली आणि चहा व्हायच्या आतच बाबांनी तिला गाडीला जुंपलं. गाडीची जागा घराला चिकटून होती. एका बाजूला कुंपणाची भिंत, दुसऱ्या बाजूला घराची. गाडी आत घातली की घराची भिंत आणि गाडी यांच्यामध्ये जेमतेम एक बुटकं स्टूल मावे. बाबा त्या स्टुलावर बसून चाकं धूत. नुसती बाहेरून नव्हे. चाक काढून, आतल्या अंगाचा साचलेला चिखल खरवडून. बाहेरून धुतलेलं चाक म्हणजे तोंडावर पाणी मारून ऑफिसला निघालेला माणूस, असं त्यांचं म्हणणं.

चाक काढायचं तर गाडी उचलायला हवी, आणि गाडी उचलणं म्हणजे बाबांच्या दृष्टीने खेळ नव्हता. जमीन सपाट हवी. मागचं चाक उचलायचं असेल तर हँडब्रेकवर विसंबायचं नाही, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. नट आधी सैल करायचे, मग जॅक. आणि जॅक लागला म्हणजे झालं असं समजणाऱ्याने गाडीच्या वाटेला जाऊच नये.

“जॅक उचलतो. धरत नाही,” बाबा म्हणाले. हे वाक्य ती शाळेत असल्यापासून ऐकत होती. “धरते कोण?”

“घोडी,” ती म्हणाली.

घोडी म्हणजे लोखंडी तिपाई. दुसऱ्या माणसाने ती गाडीच्या मागून आत सरकवून आसाखाली नीट बसवायची. जॅक दगा देवो, गाडी घोडीवर राहते. पण स्टुलावरून बाबांना मागचं काही दिसत नसे. शिवाय पाणी उडतं म्हणून चष्मा आणि कानातलं यंत्र दोन्ही काढून ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत. “डोळे आणि कान काढले, आता कामाला लागू,” असं म्हणून स्वतःच हसत. त्यामुळे घोडी बसली की नाही हे त्यांना ओरडून सांगावं लागे.

“बसली का?” बाबांनी विचारलं.

हे उत्तर द्यायचं काम मुळात तिच्या धाकट्या भावाचं. तो मोठ्याने “बसली” म्हणे, बाबा “शाब्बास” म्हणत, आणि मगच त्यांचा हात गाडीखाली जाई. ती मात्र लहानपणापासून डिकीवर दोनदा थाप मारायची. गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची तिला लाज वाटे, आणि पुढे थाप हीच तिची सही झाली. आजही तिने थाप मारली.

“शाब्बास,” बाबा म्हणाले. “पण बाईसाहेब, एकदा तरी तोंडाने म्हणा. घोडी बसते, गाडी बसते, तुम्ही आपल्या मूग गिळून बसता.”

वरच्या खिडकीत वहिनी हसली. धाकट्याची बायको, तिच्यापेक्षा वयाने लहान, पण ती तिला वहिनीच म्हणे. कडेवर बाळ होतं. बाळाला बसवलं की ते भोपळ्यासारखं कलंडायचं, सध्या घरात तेवढाच एक विषय होता.

“तुमच्या नातीलाही अजून बसता येत नाही, बाबा,” वहिनी मोठ्याने म्हणाली.

बाबांनी कानाला हात लावून ऐकलं. “मग तिला दोन बाजूंनी दोन घोड्या लावा. उशा चालतील.”

बस, एवढंच. मग त्यांनी चाक धुतलं, चहा झाला, आणि ती घरी गेली.

२

पुढच्या रविवारी तिला जमलं नाही. ती एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासत असे आणि एक जाडजूड पुस्तक छापायला जायचं होतं. दुपारी धाकट्याचा फोन आला. त्याला बोलता येत नव्हतं. शेवटी वहिनीने फोन घेतला आणि सांगितलं, ताई, गाडी बाबांच्या अंगावर आली, बाबा गेले.

जॅकमधलं तेल सगळं फरशीवर सांडलं होतं. चौकशीला आलेली पोलीस अधिकारी तरुण होती, वागायला समंजस. तिने गाडी पाहिली, जॅक पाहिला, शेजाऱ्यांशी बोलली आणि समजुतीच्या सुरात निष्कर्ष सांगितला. जॅकचं सील फाटलं. गाडीखाली घोडी नव्हती. वयानुसार थोडा हलगर्जीपणा होतो.

हलगर्जीपणा. तिचं आयुष्य चुकीचे शब्द खोडण्यात गेलं होतं, आणि हा एक शब्द तिच्या बापाच्या नावापुढे असा सहज छापला जात होता. ज्या माणसाने चाळीस वर्षं घोडीशिवाय गाडीखाली बोट घातलं नाही, त्याच्या नावापुढे.

“घोडी कुठे सापडली?” तिने विचारलं.

अधिकारी बाईने गाडीच्या मागे बोट दाखवलं. घोडी जमिनीवर, डिकीपासून हातभर अंतरावर उभी होती.

ती तिथेच थांबली. घोडी नेहमी घराच्या मागच्या भिंतीवरच्या उंच फळीवर असे. बाबांचा खांदा दोन वर्षांपासून धरलेला होता. त्यांचा हात डोक्याच्या वर जात नव्हता, शर्टसुद्धा ते बसून घालत. घोडी त्यांनी खाली काढलेली असणं शक्यच नव्हतं.

म्हणजे त्या वेळी तिथे दुसरं कोणीतरी होतं.

आणि धाकट्याने सांगितलं होतं की तो औषधं आणायला बाहेर गेला होता.

३

ती आधी मेस्त्रीकडे गेली, कारण भावाकडे जायचं धैर्य झालं नाही.

मेस्त्रीचं गॅरेज कोपऱ्यावर होतं. बाबांचा जॅक तोच दुरुस्त करायचा. गेल्या चार दिवसांत जो तो त्याच्याकडे बोट दाखवत होता, त्यामुळे तिला पाहताच त्याने हातातला पाना दाणकन टेबलावर ठेवला. सील आपणच बदललं होतं, हे त्याने नाकारलं नाही. पण जॅक म्हातारा झालाय, भंगारात घाला, हेही आपणच सांगितलं होतं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. तेव्हा बाबा काय म्हणाले, तेही.

“म्हणाले, जॅक कधीतरी सोडणारच, अरे. म्हणून तर मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.” मेस्त्री कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. “आता सांगा, असं बोलणारा माणूस नुसत्या जॅकवर हात घालेल?”

“नाही.”

“मग मला काय विचारता? त्यांना विचारा, ज्यांनी घोडी लावायची होती.”

तो चिडून बोलला, पण त्याच्या बोलण्याने तिचा प्रश्न बदलला. आतापर्यंत ती जॅक का सुटला ते शोधत होती. जॅक सुटला हा काही गुन्हा नव्हता. सुटण्याची वेळ तेवढी वाईट होती. खरा प्रश्न वेगळाच होता. ‘बसली’ हा शब्द, नाहीतर तिची थाप, ऐकल्याशिवाय बाबा हात घालत नसत. त्यांनी हात घातला होता, आणि थाप मारायला ती तिथे नव्हती. म्हणजे त्यांनी तो शब्द ऐकला होता.

घोडी जागेवर नसताना ‘बसली’ असं कोण म्हणालं?

४

समोरच्या घरातल्या काकांना अख्खी गल्ली दुर्बीण म्हणत असे. गल्लीत कोणाकडे पाहुणे आले, कोणी कचरा कुठे टाकला, सगळं त्यांच्या गॅलरीत जमा व्हायचं. बाबांचं आणि त्यांचं गाडी लावण्यावरून वर्षानुवर्षं बिनसलेलं होतं. तिला पाहून ते आधी उठलेच नाहीत. मग उठले आणि स्वतःची खुर्ची तिच्यापुढे केली.

काकांनी बरंच काही सांगितलं, त्यातलं निम्मं बाबांच्या पार्किंगबद्दल. त्या सकाळी झाड आडवं येत असल्यामुळे आपल्याला गाडी दिसत नव्हती, पण कान शाबूत आहेत, असं ते म्हणाले. बाबा नेहमीसारखे ओरडले, बसली का. थोडा वेळ गेला. मग उत्तर आलं.

“काय उत्तर?” तिने विचारलं.

“बसली. दोनदा. चांगलं मोठ्याने.”

“कोणाचा आवाज?”

काकांनी मान हलवली. खाली कोणीतरी फटफटी सुरू करत होतं, शब्द कळला, गळा कळला नाही. त्यानंतर चाक काढल्याचा आवाज, पाण्याचा आवाज, बराच वेळ. आणि मग तो आवाज.

“पोलिसांना हे सांगितलंत?”

“नाही.” काका खाली पाहू लागले.  “तुझ्या बापाशी माझं भांडण होतं. पोराशी नाही. पोर घरात होतं, ताई. औषधाला वगैरे गेलेलं नव्हतं. अंगणातल्या नळाजवळून घोडी घेऊन जाताना मी बघितलं त्याला. आता तुम्ही घरातली माणसं, काय ते तुमचं तुम्ही बघा.”

५

धाकटा स्वयंपाकघरात भांडी घासत होता. गेले काही दिवस तो सतत काहीतरी घासत असे. दार लोटून ती टेबलाशी बसली.

“घोडी तू काढलीस,” ती म्हणाली.

त्याचा हात थांबला, पण त्याने वळून पाहिलं नाही. नळ तसाच वाहत होता. मग तो बोलला, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेना. घोडी त्यानेच काढली होती. बाबांनी जॅक लावून गाडी उचलली, तो घोडी घेऊन मागे आला, ती खाली ठेवली, आणि तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या गावच्या नोकरीचा फोन. बायको-पोरीला घेऊन तिकडे जायचं, हे त्याने बाबांना अजून सांगितलं नव्हतं. बाबांच्या देखत तो फोन घ्यायचा नव्हता म्हणून तो ‘थांबा, आलोच’ म्हणाला आणि फाटकाबाहेर वळणापर्यंत गेला. बाबांच्या कानात यंत्र नाही हे त्याच्या लक्षातच आलं नाही. मग पलीकडचा माणूस बोलतच राहिला.

“मी दोन पावलांत परत येणार होतो,” तो म्हणाला. “पोलिसांना काय सांगू, ताई? मी फोनवर बोलत होतो?”

“तू ‘बसली’ म्हणालास?”

आता तो वळला. चेहरा पांढराफटक. “नाही.”

“काकांनी ऐकलंय.”

“मी वळणावर होतो. मी कशाला म्हणेन? घोडी बाहेर आहे हे मलाच माहीत होतं ना. तुला काय वाटतं, मी...” त्याने वाक्य सोडून दिलं.

त्याला लहानपणापासून खोटं बोलता येत नसे. खोटं बोलला की डावा कान लाल व्हायचा; औषधांची गोष्ट सांगताना तो चांगलाच लाल झाला होता आणि तिने दुःखात तिकडे लक्ष दिलं नव्हतं. आत्ता कान तसाच पांढरा होता.

भाऊ खरं बोलत होता. काकाही खरं बोलत होते. बाबांनी शब्द ऐकला होता, आणि तो म्हणणारा माणूसच तिथे नव्हता.

६

दुपारी बाबांच्या घरातच ती मुद्रितं काढून बसली. डोकं चालेनासं झालं की ती काम करी. एका ओळीवर पेन्सिल अडली. लेखकाने लिहिलं होतं, ‘शेवटी एकदाची आली.’ कोण आली? आधीच्या परिच्छेदात एक बहीण होती, एक मोटार होती आणि एक बातमी होती. तिने सवयीने समासात लिहिलं: कर्ता कोण?

पेन्सिल तिथेच राहिली.

‘बसली.’ त्यातही कर्ता नव्हता. नुसतं स्त्रीलिंग होतं. घोडीच बसते असं ती धरून चालली होती, कारण बाबांच्या घरात तोच अर्थ होता. पण आपल्या भाषेत बसणारं काय कमी आहे? घोडी बसते, गाडी बसते, खीळ बसते, घडी बसते. आणि त्या घरात महिनाभर अजून एकीच्या बसण्याची सगळे वाट पाहत होते.

ती जिना चढून वर गेली तेव्हा तिला आपल्या पावलांची भीती वाटत होती.

वरच्या खोलीत वहिनी फरशीवर बसली होती. समोर बाळ. दोन्ही बाजूंना उशा. बाळ ताठ बसून उशीचा कोपरा चघळत होतं आणि अजिबात कलंडत नव्हतं. पलंगाशेजारची खिडकी उघडी होती. तिने खाली पाहिलं. अगदी खाली, सरळ रेषेत, बाबांचं स्टूल होतं.

“केव्हापासून बसते?” तिने विचारलं. शक्य तितक्या सहज.

वहिनीचे डोळे भरले. ती बाळाच्या झबल्याची नाडी नीट करत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, त्याच दिवसापासून. कोणाला सांगायची छातीच झाली नाही. अशा दिवशी कोणाला काय सांगणार.

“मला सांग.”

वहिनीने सांगितलं. उशा लावून बाळाला ठेवलं आणि उशा काढल्या, तर ते पडलंच नाही. तिला इतका आनंद झाला की ती खिडकीशी धावली. हे खालीच होते, बाबांच्या मदतीला. इथे ती क्षणभर अडखळली. नवऱ्याचं खोटं आपण उघडं केलं, हे तिच्या ध्यानात आलं. ताईने ऐकलंच नाही असं दाखवलं.

“मी ह्यांना ओरडून सांगितलं, ‘बसली, बसली.’ ह्यांचं उत्तर नाही आलं. पण बाबांनी ऐकलं, ताई. यंत्र नसतानासुद्धा ऐकलं.” वहिनी रडता रडता हसली. “खालून म्हणाले, ‘शाब्बास.’ तेवढं तरी झालं. नात बसलेली त्यांना कळली. मी रोज तेच धरून झोपते.”

बाळाने उशी सोडली आणि आत्याकडे हात केले. तिने त्याला उचललं, घट्ट धरलं. त्याच्या डोक्यामागे तिला तोंड लपवता आलं.

“हो,” ती म्हणाली. “बाबांना फार आनंद झाला असेल.”

७

गाडी अजून तीन चाकांवरच होती. त्या दिवशी लोकांनी हातांनी उचलून जाड लाकडाच्या ओंडक्यावर टेकवली होती, तशीच. चौथं चाक भिंतीला टेकून, धुतलेलं. बाबांनी ते इतकं स्वच्छ केलं होतं की त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

मेस्त्रीने न विचारता नवा जॅक आणून ठेवला होता. संध्याकाळ व्हायच्या आत धाकट्याने आणि तिने गाडीच्या पुढच्या चाकांना ठोकळे लावले. दोन्हीकडून.  धाकटा स्टुलावर बसला, जॅकचा दांडा हातात घेतला आणि तसाच राहिला.

“बाबांनी हलगर्जीपणा केला नाही,” ती म्हणाली. “त्यांनी विचारलं. थांबले. उत्तर आलं. शाब्बास म्हणाले. मगच हात घातला. चाळीस वर्षं करत होते तेच.”

“उत्तर मी दिलं नाही.”

“माहीत आहे. माझी थाप असती तर त्यांना कळलं असतं मी आहे. शब्द आला म्हणून त्यांना तू वाटलास.”

“मग कोण म्हणालं, ताई?”

 कसं सांगावं हे तिला माहीत नव्हतं, आणि सांगावं की नाही हेही. जॅक चढू लागला. ओंडक्यावरून गाडी किंचित उचलली गेली.

वरच्या खिडकीतून वहिनीचा आवाज आला. ती बाळाशी खेळत होती, नेहमीचं, आईचं, खोटं कौतुकाचं बोलणं. कोण बसली? माझी राणी बसली. बसली बघ, बसली.

धाकट्याचा हात दांड्यावर थिजला. त्याने हळूहळू मान वर केली. खिडकीकडे पाहिलं, मग स्वतः बसला होता त्या स्टुलाकडे, मग तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर एक एक गोष्ट जागेवर जाताना तिने पाहिली, आणि तिला वाटलं, आपण हे पाहायला नको होतं.

तो म्हणाला, “तिला—”

“नाही.” तिने आवाज खाली ठेवला. “तिच्याकडे बाबांचं शाब्बास आहे. ते तिच्याकडेच राहू दे.”

“आणि पोलीस?”

“पोलिसांना तू फोनचं खरं सांग. काका शब्दाचं सांगतील. बाबांनी विचारल्याशिवाय हात घातला नाही, एवढं त्यांना समजलं की मला पुरे. आवाज कोणाचा, ते काकांना कळलं नाही. मलाही कळलं नाही.”

त्याने बाहीने तोंड पुसलं. नवऱ्याने बायकोपासून आयुष्यभर एक गोष्ट लपवायची, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण त्याने मान हलवली.

मग त्याने जॅकचे उरलेले दाब दिले. गाडी उंच झाली. तिने फळीवरून घोडी काढली, गाडीच्या मागे फरशीवर पालथं पडून ती आत सरकवली. उंची लावली, खिट्टी घातली, आसाला घोडीचं डोकं नीट टेकलंय ना ते बोटांनी चाचपून पाहिलं. उठली. दोन्ही हातांनी गाडी हलवून पाहिली. हलली नाही.

धाकट्याने तोंड उघडलं, पण ‘बसली का’ हे दोन शब्द त्याच्या गळ्याबाहेर येईनात. तो नुसता भिंतीकडे पाहत राहिला. स्टूल बुटकं होतं. तिथून मागचं काही दिसत नव्हतं. बाबांनाही कधी दिसलं नव्हतं.

तिचा हात सवयीने डिकीवर गेला. थाप मारायला उचलला, आणि तिने तो परत खाली घेतला. समोर गॅलरीत काका उभे होते. गल्लीत माणसं होती. वर खिडकी उघडी होती.

“बसली, बाबा,” ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. “घोडी बसली.”